मोठ्या मॉन्स्टेराला ‘वाढत्या अंगाची’ कुंडी घ्यावी का?

पानोपानी
नमस्कार. माझ्याकडील मॉन्स्टेरा (मोठ्या, चिरलेल्या पानांचे, घरात लावायचे वेलवर्गीय झाड) आता पाच फुटांच्या वर गेला आहे आणि त्याचे सर्वांत मोठे पान दोन वितींहून रुंद आहे. रोपवाटिकेतून आणला तेव्हाच्याच २५ सेंटीमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या कुंडीत तो गेली तीन वर्षे आहे. अलीकडे पाणी घातले की ते थेट तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते, दोन दिवसांत माती कोरडी होते, आणि एका छिद्रातून बोटाएवढे जाड मूळ बाहेर आले आहे. मागच्या आठवड्यात झाड एकदा कलंडलेही.

लहान मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात त्याच विचाराने मी ४५ सेंटीमीटर व्यासाची आणि तितकीच खोल, आतून-बाहेरून चकाकीचा लेप असलेली चिनी मातीची कुंडी आणून ठेवली आहे. म्हणजे पुढची पाच-सहा वर्षे पुन्हा हा खटाटोप नको. तिच्या तळाला छिद्र नाही. विकणाऱ्यांनी खाली खडे भरायला सांगितले आहे. याआधी रबराचे एक झाड मी अशाच एका देखण्या कुंडीत लावून गमावलेले असल्यामुळे या वेळी हात घालण्यापूर्वी विचारत आहे. झाड खिडकीपासून साधारण दीड मीटरवर आहे. उजेड भरपूर आहे, थेट ऊन मात्र सकाळी तासभरच येते.

रविवारचा माळी
माझे मत थोडे वेगळे पडेल. मी बर्ड ऑफ पॅराडाइजचे मोठे झाड (स्ट्रेलिझिया निकोलाय) लहान कुंडीतून थेट भल्या मोठ्या कुंडीत हलवले होते आणि ते आजही जोमाने वाढत आहे. रानात या झाडांना कोण कुंड्या मोजून देते? जमिनीत तर मातीला अंतच नसतो, तरीही झाडे वाढतात. आपण आणलेली कुंडी खुशाल वापरावी, फक्त तळाला छिद्र पाडून घ्यावे, असे मला वाटते.

मूळपुरुष
पानोपानी, आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे कुंडी अपुरी पडत असल्याचीच आहेत, तेव्हा ती बदलण्याचा निर्णय योग्य आहे. प्रश्न मापाचा आहे, आणि व्यासाचे आकडे इथे डोळ्यांना फसवतात. २५ सेंटीमीटर व्यासाच्या, तितक्याच खोल आणि सरळ भिंतींच्या कुंडीत सुमारे १२ लिटर माती मावते, ३० सेंटीमीटरच्या कुंडीत २१ लिटर, आणि आपण आणलेल्या ४५ सेंटीमीटरच्या कुंडीत ७२ लिटरच्या आसपास. व्यास दुप्पटही झाला नाही, पण माती जवळजवळ सहापट झाली. आपल्या झाडाची मुळे आज फार तर १२ लिटरचा गोळा व्यापून आहेत. उरलेल्या ६० लिटर मातीत पाणी पिणारे कोणीच नाही.

मग त्या पाण्याचे काय होते? पृष्ठभागालगतचे वाळते, त्याखालचे पाणी मुळांनी ओढून पानांवाटे बाहेर टाकले नाही तर फारसे हलत नाही. वरची दोन बोटे माती कोरडी दिसते म्हणून आपण पुन्हा पाणी घालतो, आणि मधला व तळचा भाग आठवडेच्या आठवडे ओला राहतो. मुळांनाही प्राणवायू लागतो. तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचतो, आणि त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ही वाट जवळजवळ बंद होते, कारण पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. गुदमरलेली मुळे मऊ पडतात आणि पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे ओलाव्यात फोफावणारे रोगकारक त्यांचा ताबा घेतात. अशा वेळी ‘पाणी जास्त झाले’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा पाणी बेताचेच घातलेले असते, माती जास्त झालेली असते.

रविवारचा माळी यांचा मुद्दा नेहमी पुढे येतो, म्हणून त्यावर दोन शब्द. जमिनीला कुंडी नसते हे खरे, पण तिला तळही नसतो. पाणी खाली उतरत राहते, शेजारच्या झाडांची मुळे ते पितात, गांडुळे आणि किडे माती पोकळ ठेवतात. घरातल्या कुंडीत यातले काहीच नसते. वाढत्या अंगाचा सदरा ढगळ झाला म्हणून पोर त्यात गुदमरत नाही, मूळ गुदमरते.

मोठ्या झाडासाठी मी मुळांच्या गोळ्याभोवती सर्व बाजूंनी अडीच ते चार सेंटीमीटर नवी माती बसेल, एवढेच माप घेतो. त्या हिशेबाने आपल्याला ३० सेंटीमीटरची, फार तर ३२ ची कुंडी लागेल. परंतु कुंडी ठरवण्याआधी झाड बाहेर काढून मुळे पाहावीत. पानांचा पसारा मोठा असला म्हणजे मुळांचाही असतोच असे नाही, आणि मुळांपेक्षा मातीच जास्त दिसली तर त्याच मापाच्या कुंडीत नव्या मातीसह परत लावणे हेही उत्तर असू शकते.

शिवाय माप नेहमी आतून घ्यावे. सिमेंटच्या कुंडीची भिंत तीन सेंटीमीटर जाड असेल, तर बाहेरून ३० भरणारी कुंडी आतून २४ ची निघते, म्हणजे आपल्या सध्याच्या कुंडीपेक्षाही लहान. तळाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या कुंडीतही असाच चकवा असतो. तोंड ३० चे, तळ २२ चा आणि उंची २७ असेल, तर तीत २१ नव्हे, साडेचौदा लिटरच्या जवळपास माती बसते.

हिरवा कोपरा
खड्यांबद्दल कोणी बोलले नाही. माझ्या सर्व कुंड्यांच्या तळाशी चार-पाच बोटे खडे आहेत आणि त्यामुळे निचरा चांगला होतो असेच मी आजवर धरून चाललो आहे. झाडेही जिवंत आहेत. छिद्र नसलेल्या कुंडीत हा थर पुरेसा ठरणार नाही का?

मूळपुरुष
हिरवा कोपरा, यासाठी घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण भिजवावा आणि तळहातावर आडवा धरावा. पाणी गळायचे थांबले की तोच स्पंज, न पिळता, अरुंद बाजूवर उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच, त्याची भोके तीच. बदलली ती केवळ उंची.

मातीचेही असेच असते. पाणी घालून जादाचे गळून गेल्यावरही तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो, कारण बारीक पोकळ्यांमधले केशाकर्षण ते पाणी धरून ठेवते. हा थर किती जाड असेल ते मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा, एखाद्या मिश्रणात तो ५ सेंटीमीटरचा आहे. तर १५ सेंटीमीटर खोल कुंडीत एक तृतीयांश माती चिखलात असते आणि ३० सेंटीमीटर खोल कुंडीत एक षष्ठांश. आता तळाशी खडे भरले, तर बारीक मातीतले पाणी खड्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांत आपण होऊन उतरत नाही. खड्यांच्या लगतची माती पुरती भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे भिजलेला थर नाहीसा होत नाही, चार बोटे वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. आपली झाडे जिवंत आहेत ती कुंड्यांना छिद्रे असल्यामुळे. खड्यांनी फक्त मातीची जागा अडवली आहे.

छिद्र नसेल तर खड्यांचा थर म्हणजे डोळ्यांआड साचलेले डबके होय. किती भरले ते दिसत नाही आणि उपसताही येत नाही. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर जाळीचा तुकडा किंवा पालथी खापरी ठेवतात, ती गोष्ट निराळी. ती अवश्य ठेवावी.

पानोपानी
स्पंजाचा प्रयोग आत्ताच करून पाहिला. उभा केल्यावर खरोखर चांगलीच धार लागली. रबराच्या झाडाचे काय झाले असावे ते आता उमगले. त्या कुंडीतही खडे होतेच. मग कुंडी कशाची असावी, यावरही कृपया कोणी लिहावे. लाल मातीची कुंडी ‘श्वास घेते’ असे वाचले आहे.

खापरी
माझ्या सदस्यनामावरून लक्षात आलेच असेल की माझा ओढा लाल मातीकडे आहे, तेव्हा तिच्या मर्यादाही मीच सांगते. चकाकी नसलेल्या भाजक्या मातीच्या भिंतीतून ओलावा बाहेर झिरपतो आणि वाळतो. त्यामुळे पाणी घालताना हात सैल असलेल्यांना ती सांभाळून घेते. मात्र हा गुण लहान कुंडीत जितका दिसतो तितका मोठ्या कुंडीत दिसत नाही. व्यास आणि खोली तिप्पट केली की भिंतीचे क्षेत्रफळ नऊपट होते, पण माती सत्तावीसपट. म्हणजे दर लिटर मातीच्या वाट्याला भिंत एक तृतीयांशच येते. १५ सेंटीमीटरच्या कुंडीवरचा अनुभव ४५ च्या कुंडीला लावू नये. दुसरे असे की मॉन्स्टेराची जाड मुळे खरखरीत भिंतीला आतून चिकटून बसतात आणि पुढच्या वेळी काढताना तुटतात. बाहेरून जे पांढरे डाग येतात ते पाण्यातल्या व खतांतल्या क्षारांचे असतात. त्यांनी काही बिघडत नाही. नवी कुंडी लावण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी, नाही तर पहिल्या दोन-तीन वेळचे पाणी तीच पिऊन टाकते.

चकाकी असलेली चिनी माती ओलावा धरून ठेवण्यात प्लॅस्टिकसारखीच वागते, फक्त जड असते. उंच झाडाला हे वजन उपयोगी पडते. फायबरची कुंडी हलकी आणि टिकाऊ. सिमेंटची नवी कुंडी चुना सोडते, म्हणून तिच्यात पाणी भरून ते काही वेळा बदलावे आणि मगच झाड लावावे. धातूची कुंडी उन्हात तापते आणि भिंतीलगतची मुळे भाजतात. ती बाहेरच्या आवरणापुरतीच ठेवावी.

आता आकाराबद्दल, आणि हे मी कळकळीने सांगते: कुंडीचे तोंड हा तिचा सर्वांत रुंद भाग असावा. मी एकदा घटासारखी कुंडी घेतली होती. पोट फुगीर, गळा आवळलेला, दिसायला अतिशय सुंदर. त्यात लावलेल्या फिलोडेंड्रॉनची मुळे दोन वर्षांत पोटाच्या आकाराची झाली. तो गोळा गळ्यातून निघेना. शेवटी कुंडी वाचवायची की मुळे, असा प्रश्न उभा राहिला आणि हातोडी आणावी लागली. आजही त्या कुंडीचे तुकडे इतर कुंड्यांच्या छिद्रांवर झाकण म्हणून वापरते.

रविवारचा माळी
मूळपुरुष यांचे म्हणणे वाचून मी माझ्या झाडाची परिस्थिती पुन्हा तपासली. माझे झाड काचेच्या मोठ्या दाराशी आहे आणि त्याला दिवसाचे चार-पाच तास थेट ऊन मिळते. ते पाणी ज्या वेगाने ओढते त्यामुळे मोठ्या कुंडीतली मातीही वेळेवर वाळत असावी. त्या जातीची मुळेही विलक्षण जोरकस असतात. आधीची प्लॅस्टिकची कुंडी त्यांनी एका बाजूने फाडलीच होती. याच्या उलट, फिडल लीफ फिकस मी तशाच मोठ्या कुंडीत, पण खोलीच्या आतल्या कोपऱ्यात लावला होता, आणि त्याची खालची पाने तपकिरी डाग पडून एकामागून एक गळाली. तेव्हा मी खताला दोष दिला होता. त्यामुळे माझा सल्ला एवढाच दुरुस्त करतो की उजेड मुबलक असेल आणि झाड झपाट्याने वाढणारे असेल, तर कुंडीच्या मापात थोडी सूट घेता येते. पानोपानी यांच्या खिडकीत ती घेता येईल असे आता मला वाटत नाही.

बुंधा
चर्चा पाण्याभोवतीच फिरत आहे. कलंडण्याबद्दलही बोलायला हवे. मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही मूळची दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातील जंगलांमधली, झाडांच्या बुंध्यांवर चढणारी वनस्पती आहे. स्वतःचा भार पेलणारे सरळ खोड तिला नसते. हवाई मुळांनी आधार धरून ती वर जाते. कुंडीत ती एका बाजूला झुकते आणि तिचा गुरुत्वमध्य कुंडीच्या काठाबाहेर जातो. अशा झाडाला तळाकडे फार निमुळती होणारी कुंडी चालत नाही. बूड रुंद हवे आणि खोली तोंडाच्या व्यासाच्या जवळपास हवी. पसरट, उथळ कुंडी स्थिर असते, पण मूळपुरुष यांनी स्पंजाने दाखवले तसे तिच्यातली माती जास्त भिजलेली राहते. उंच, अरुंद कुंडीचा निचरा चांगला होतो, पण ती धक्क्याने पडते. व्यासाइतकी खोली हा यातला मध्य आहे, आणि निचऱ्याची उरलेली बाजू मिश्रण भरड ठेवून सांभाळावी.

शेवाळाचा खांब (वेलीला चढायला आधार म्हणून शेवाळ गुंडाळलेला खांब) लावायचा असेल तर तो आताच, माती भरण्यापूर्वी, कुंडीच्या तळापर्यंत टेकवावा. नंतर खुपसलेला खांब मुळे तोडतो आणि हलतही राहतो. खोडाची ज्या बाजूने हवाई मुळे फुटतात ती बाजू खांबाकडे करावी.

वजनाचा अंदाजही आधी घ्यावा. ७२ लिटरच्या कुंडीतले मिश्रण भिजल्यावर, कुंडी आणि झाड न धरताही, साठ-सत्तर किलोपर्यंत सहज जाते. एवढी कुंडी उजेडासाठी फिरवायची किंवा खालची ताटली रिकामी करायची म्हटली तर एकट्याचे काम नाही. खाली चाके असलेली फळी घेतल्यास चाकांना अटकाव असलेली घ्यावी.

पानोपानी
सर्वांचे मनापासून आभार. माझी ४५ ची कुंडी आता माझ्याकडे पाहून हसत आहे. ती परत करता येणार नाही. छिद्र पाडून ठेवून द्यावी का?

खापरी
ताई, छिद्र पाडणे अवघड नाही. घाई मात्र चालत नाही. फरशीला किंवा काचेला भोक पाडण्याचे हिऱ्याच्या कणांचे पाते वापरावे, ड्रिलचा ठोकणारा झटका बंद ठेवावा, खूण करायच्या जागी चिकटपट्टी लावावी म्हणजे पाते घसरत नाही, आणि पाण्याची बारीक धार सोडत, दाब न देता, हळूहळू आत जावे. वीज आणि पाणी जवळजवळ येत असल्यामुळे ड्रिल बॅटरीवर चालणारे असावे, आणि डोळ्यांना चश्मा हवाच. एवढ्या मोठ्या कुंडीला बोटभर रुंदीची तीन-चार छिद्रे लागतील. पण मी तुमच्या जागी असते तर सध्या छिद्र पाडलेच नसते. ३० च्या छिद्रे असलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत झाड लावावे आणि ती कुंडी या सुंदर कुंडीत नुसती ठेवावी. दोन-तीन वर्षांनी आतली कुंडी ३५ ची होईल, त्यानंतर ४० ची. बाहेरची तीच राहील. वाढत्या अंगाची हौस अशीही भागते.

मूळपुरुष
खापरी यांची सूचना उत्तम आहे. भर एवढीच घालतो की आतली कुंडी तळाशी टेकवू नये. खाली पालथी कुंडी किंवा विटेचा आधार द्यावा, म्हणजे गळलेले पाणी मुळांच्या खाली राहील. हा आधार आतल्या कुंडीची छिद्रे झाकणार नाही एवढे पाहावे.

पानोपानी
तीन आठवड्यांनी वृत्तांत देत आहे. आधी झाड आडवे करून कुंडी दोन्ही हातांनी चेपत फिरवली, पण छिद्रातून बाहेर आलेले जाड मूळ मागे जाईना. शेवटी मूळ न कापता जुनी कुंडीच कात्रीने कापली. आत पाहिले तर एक नव्हे, तीन स्वतंत्र झाडे निघाली. रोपवाटिकेने भरदार दिसावे म्हणून ती एकत्र लावली असावीत. मुळे तळाच्या भागात गोल फिरून घट्ट विणली गेली होती आणि वरच्या चार-पाच बोटांत जवळजवळ नुसती माती होती, त्यामुळे मूळपुरुष यांनी आधी मुळे पाहायला का सांगितले ते पटले. तिन्हींची मुळे सोडवण्याचा प्रयत्न मी केला नाही. तळाची वीण बोटांनी थोडी सैल केली, दोन काळी पडलेली, मऊ मुळे छाटली, आणि गोळा तसाच ठेवला.

नवी कुंडी तोंडाला आतून ३० सेंटीमीटर आणि २८ सेंटीमीटर उंच आहे. मिश्रणात कोकोपीट, झाडाच्या सालीचे भरड तुकडे, पेरलाइट (माती पोकळ ठेवणारे हलके पांढरे खनिज कण) आणि थोडे गांडूळखत घेतले. खांब आधी उभा केला. मोठ्या कुंडीत खाली १५ सेंटीमीटर उंचीची लाल मातीची कुंडी पालथी ठेवून त्यावर आतली कुंडी बसवली. काठ बरोबर दोन सेंटीमीटर खाली राहिला. भोवतीची सात सेंटीमीटरची फट वरून नारळाच्या काथ्याने झाकली आहे. बाहेरच्या कुंडीचे स्वतःचे वजन एवढे आहे की मांजराने खांबावर उडी मारली तरी झाड हलले नाही.

एकच अडचण उरते. बाहेरच्या कुंडीत खाली किती पाणी साचले आहे ते दिसत नाही.

मूळपुरुष
फटीतून बांबूची बारीक काडी तळापर्यंत सोडून ठेवावी आणि पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने काढून पाहावी. दोन बोटांपेक्षा जास्त भिजली तर रबरी नळीने पाणी ओढून काढावे. आतल्या कुंडीसाठीही अशीच एक काडी ठेवावी. ती मातीत अर्ध्यापर्यंत खुपसून काढल्यावर ओलसर माती चिकटून आली तर पाणी घालू नये. पहिले काही दिवस एखादे खालचे पान पिवळे पडले तर घाबरू नये. खत महिनाभर नको.

हिरवा कोपरा
मी माझ्या दोन कुंड्यांतील खडे काढले. एका कुंडीत खड्यांच्या वरची माती काळी पडली होती आणि तिला वास येत होता. उरलेल्या नऊ कुंड्या येत्या दोन रविवारी.

पानोपानी
आज आठवा दिवस. आतल्या कुंडीतली काडी अर्ध्यापर्यंत कोरडी निघाली, बाहेरच्या कुंडीच्या तळाशी पाणी नाही, आणि वरच्या टोकाला एक नवे पान अजून गुंडाळलेल्या अवस्थेत आहे. आता पाणी घालते.